तिकीट काढून माहेर

साताऱ्याहून कोल्हापूरला निघायचं, की आदल्या संध्याकाळी मोती चौकात जाऊन अर्धा किलो कंदी पेढे आणायचे. चौतीस वर्षांची सवय. परवाही आणले, पुडा फ्रिजवर ठेवला आणि मग लक्षात आलं, हे द्यायचे कुणाला?

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई गेली त्याला आता पाच वर्षं होतील. २०१९ चा पूर तिने पाहिला, २०२१ चा पाहायला ती नव्हती. भाऊ आता बंगळूरला असतो. शुक्रवार पेठेतलं घर गेल्या वर्षी विकलं. सह्या करायला मीही गेले होते, पण तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे दुय्यम निबंधकाची कचेरी, अंगठ्याचा ठसा आणि उसाचा रस. यंदाची भाऊबीज व्हिडिओ कॉलवर झाली. मी मोबाइलला ओवाळलं. ‘निरांजन जरा लांब धर, काच तापेल,’ एवढीच सूचना ह्यांनी केली आणि गप्प बसले. दोन दिवसांनी चहा पिता पिता म्हणाले, “बुधवारी कोल्हापूरला जाऊन येऊ.”

“कुणाकडे?”

“कुणाकडे कशाला? कोल्हापूर बघायला.”

मला हसू आलं. माहेर काय बघायला जायची जागा आहे?

पण खरं सांगायचं तर कोल्हापूर ह्यांनाच जास्त ठाऊक. मी तिथे जन्मले, शिकले, बावीस वर्षं राहिले. शाळेच्या सहलीत एकदा रांगेतून न्यू पॅलेस झाला, त्यातला पेंढा भरलेला वाघ तेवढा आठवतो. लग्नानंतर माहेरी जायचं म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आईशी बोलायचं, दुपारी तिच्या शेजारी आडवं व्हायचं, की निघायची वेळ. दोन बायका बोलायला बसल्या की जावयाचं करायचं काय? म्हणून भाऊ ह्यांना स्कूटरवर मागे बसवून हिंडवायचा. न्यू पॅलेस चार वेळा, पन्हाळा तीन वेळा, रंकाळ्याची भेळ, शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबागेतल्या कुस्त्या, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. परत आले की हे मला माझ्याच गावाची माहिती सांगत आणि मी ‘हो का?’ म्हणत भाजी निवडत असे.

तर बुधवारी सकाळी साडेसहाला निघालो. पेढ्यांचा पुडा मागच्या सीटवर.

सातारा ते कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. वाटेत रस्त्याची कामं, जागोजागी वळवलेली वाहतूक आणि गाळप हंगाम नुकताच सुरू झालेला. म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यावर फुल आवाजातली गाणी, आणि मागे मुंगीच्या पावलांनी आपण. ह्यांची हयात पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे आमच्या गाडीत प्रवास नद्यांनी मोजला जातो. उरमोडी, तारळी, मग कऱ्हाडला कोयना. ती आली की १०५ टीएमसी हा आकडा मंत्रासारखा उच्चारला जातो. पुढे वारणा, म्हणजे चांदोली. पंचगंगा आली की मात्र पाळी माझी. तिची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे मला कुठल्या खात्याने शिकवलेलं नाही. पावसाळ्यात आमच्या गल्लीत ‘जेवलीस का?’च्या आधी ‘बंधाऱ्यावर किती फूट?’ विचारायचे.

कोल्हापुरात शिरलो तेव्हा नऊ वाजले होते. इतकी वर्षं शिरोलीचा पूल ओलांडला, की भाऊ फोन करून विचारायचा, कुठवर आलात, पोहे टाकायचे का. फोन वाजला नाही. आम्ही मिसळ खायला गेलो.

आईच्या लेखी गावात घर असताना हॉटेलात खाणं हा थेट तिचा अपमान होता. ‘घरात चूल विझलीया का?’ हा तिचा प्रश्न. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर चोरून खाल्लेली मिसळ तिला कटाच्या वासावरून कळायची. आता राजरोस बाकावर बसले. तर्रीदार कट, वर शेव-फरसाण, कांदा, लिंबू, आणि पाव नव्हे, ब्रेडच्या स्लाइस. कोल्हापूरची मिसळ ब्रेडबरोबरच. कटाची दुसरी वाटी ठेवता ठेवता वाढणाऱ्या पोराने विचारलं, “पावणं कुठलं म्हणायचं?”

“साताऱ्याचं,” हे सहज सांगून गेले.

मी तोंडातला घास चावत राहिले. आधार कार्डावर तेच आहे. पण ज्या गावात लोक मला अमक्याची पोरगी म्हणून हाक मारायचे, तिथे कुणी पाहुणी म्हटल्यावर पहिला ठसका मिसळीचा होता की कशाचा, ते मलाही सांगता येणार नाही.

न्यू पॅलेसच्या खिडकीवर दोन तिकिटं काढली. मोबाइल बंद, आत फोटो काढायचे नाहीत. काळ्या घडीव दगडाची ती इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा, वर राजघराण्याचा राबता आणि खाली शहाजी छत्रपतींच्या नावाचं संग्रहालय. बांधकाम १८७७ ते १८८४ सालचं. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्यानेच आखला. पण हे सगळं पुरं झालेलं त्याने पाहिलं नाही. तो १८८१ मध्येच गेला. आपली गणितं चुकली आहेत, इमारती कोसळणार, या भीतीने त्याने जीव दिला असं सांगतात.

ही गोष्ट ह्यांनी मला पूर्वी दोनदा तरी सांगितली असेल, मी ‘हो का?’ म्हटलं असेल. या वेळी ते दरबार हॉलच्या कमानीखाली उभे राहून सांगत होते. वरच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग, त्यांतून उतरलेलं तांबूस-निळं ऊन ह्यांच्या टकलावर. “बघ,” ते म्हणाले, “सव्वाशे वर्षांवर झाली, एक तडा नाही. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.” धरणाच्या नोकरीत पावसाळ्याच्या रात्री हा माणूस तीन-तीनदा उठून फोन का लावायचा, ते मला तिथे, मँटच्या कमानीखाली कळलं. संसाराला चौतीस वर्षं झाली म्हणजे सगळं विचारून झालेलं असतं असं नाही.

आत शस्त्रं, हौदे, पोशाख आहेत आणि शिकारीचं दालन आहे. माझ्या सहलीतला वाघ सापडला. तो लहान झाला होता. माणसं लहानपणची घरं पाहून म्हणतात ना, केवढंसं होतं हे, तसं मला वाघाचं झालं. घर पाहायची सोय नाही, म्हणून वाघावर भागवलं.

बाहेर बागेत तळं आहे, हरणं आहेत, कठड्याशी शाळेची एक सहल रांगेत उभी होती. बाईंचा आवाज चढलेला. एक मुलगी रांग सोडून हरणाकडे टक लावून बघत होती. हिचं कोल्हापूर पाहून होईल, असं मनाशी म्हटलं.

दुपारी जेवायला तांबडा-पांढरा. यात ह्यांना कुणी सल्ला देऊ नये आणि देऊ शकत नाही. कारण ह्यांच्या तांबड्या-पांढऱ्याची सगळी मापं आमच्या आईच्या हातची. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस आणि तीळ यांचा पांढरा. आणि घरच्या चटणीचा तांबडा. कोल्हापुरात ‘चटणी’ म्हणजे ताटातली डावी बाजू नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांदा-लसूण, खोबरं, गरम मसाला घालून डंकावर कुटून आणलेलं वर्षाचं तिखट, ती चटणी. जावई जेवायला बसला की आई पातेलं घेऊन उभी. ‘पावणं, रस्सा घ्या की. लाजताय व्हय?’ हे नको म्हणायचे, आई वाढायची, हे प्यायचे, आणि दोघंही जिंकल्यासारखे दिसायचे.

हॉटेलात ताट आलं. ह्यांनी पांढऱ्याची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली.

“चांगला आहे,” म्हणाले. मग जरा वेळाने, “काजू जास्त घातलेत.”

त्या एका वाक्यात बरंच काही होतं. माहेर तुटलं की बाईला विचारणारे पुष्कळ भेटतात. डोळे पुसायची तिला मुभा असते, त्यावर ओव्याही आहेत. पण सासू गेली की पुरुषाचीही सासुरवाडी जाते, ते कुणी ध्यानात घेत नाही. ज्या एका घरात ह्यांना ‘पावणं’ म्हणून पाट मिळायचा, जिथे त्यांनी स्वतः उठून पाणी घेतलं तर घरात धावपळ व्हायची, ते घर ह्यांचंही गेलं होतं. त्यावर सही मात्र माझी आणि भावाची. ह्यांना कुणी सांत्वनाचा फोनसुद्धा केला नव्हता. मी तरी कुठे काही विचारलं होतं?

तेवढ्यात वाढपी किटली घेऊन आला. “रस्सा वाढू?”

“नको, बास.”

“घ्या की पावणं! रस्सा काय मोजून देतोय व्हय आमी?”

आणि विचारता विचारता त्याने वाटी भरली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ती वाटी प्याले. त्यानंतरचीही. तिसरी मागून घेतली.

जेवणावर झोप न घेता टाउन हॉलला गेलो. हीसुद्धा मँटचीच इमारत, १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली. उतरत्या छपरांची, टोकदार कमानींची, भोवती बाग. समोर सीपीआर, म्हणजे मूळचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तेही मँटच्याच खात्यावर. माझा जन्म सीपीआरमधला. म्हणजे या इंजिनिअरच्या भिंतींत मी पहिला श्वास घेतला आणि त्याच्या समोरच्या इमारतीत वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा शिरले. मधला रस्ता ओलांडायला एवढा वेळ लागला.

आत आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. दरबारी चित्रकार, पण जीव कोल्हापूरच्या पाण्यात आणि झाडांत रमलेला. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, तेव्हा दुःखाने त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, अशी आठवण इथे सांगतात. उरलेल्यांपुढे उभं राहिलं, की पाण्यात गेलेल्यांचाच विचार येतो.

पण मी थबकले ती वीतभर उंचीच्या एका काशाच्या पुतळ्यापाशी. दाढीवाला, पिळदार अंगाचा पुरुष. पाटी सांगत होती: पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन घडणीचा. सापडला कुठे, तर ब्रह्मपुरीला.

ब्रह्मपुरी! पंचगंगेच्या काठची ती टेकाडी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तिच्या बाजूने आम्ही घाटावर जायचो, आबा पोहायला शिकवायचे. त्या मातीत १९४४-४५ च्या सुमारास हा देव आणि इतर काशाच्या वस्तू हाती लागल्या. मग डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव वर आलं. रोमन जहाजं कोकणच्या बंदरांना लागायची, तिथून माल घाट चढून वर यायचा. त्यातूनच कधीतरी हा समुद्रदेव आला असणार आणि समुद्र नसलेल्या गावी राहिला. दोन हजार वर्षं मातीखाली. पंचगंगेला कितीदा पूर आला असेल! समुद्राच्या देवाला तेवढाच जरा गावाकडचा वारा.

“आणि याच्या उलटं ठाऊक आहे ना?” हे म्हणाले. मला ठाऊक नव्हतं. किंवा भाजी निवडताना ‘हो का?’ म्हटलं असेल.

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर इटलीत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. दहन झालं आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर. आज ती जागा काशिने नावाच्या मोठ्या बागेत आहे. तिथे महाराजांची छत्री आहे, आत फुलर नावाच्या शिल्पकाराने घडवलेला अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा अर्थात मँटचा. तिथले लोक त्या स्मारकाला ‘इंदियानो’ म्हणतात, जवळच्या पुलालाही तेच नाव पडलंय.

म्हणजे इटलीकडचा देव कोल्हापूरच्या मातीत आणि कोल्हापूरचा राजा इटलीतल्या बागेत, नदीकाठी दोघेही. नाव विचारलं तर तिथे सांगतात ‘इंदियानो’, कुठला तरी भारतातला पाहुणा. परक्या गावाने माणसाला ठेवून घ्यायचं ठरवलं, तर ते असं ठेवून घेतं. नाव अर्धवट, पण जागा पक्की. मलाही साताऱ्यात पहिली काही वर्षं ‘कोल्हापूरवाली’ म्हणायचे. कधी बंद झाले, ते आठवत नाही.

पाय दुखायला लागले म्हणून बागेत बाकावर बसलो. झाडांखाली सीपीआरमध्ये भरती असलेल्यांची माणसं टेकली होती. कुणी डबा खात होतं, कुणी उशाला पिशवी घेऊन पडलं होतं. ह्यांनी गाडीतून पाण्याची बाटली आणली आणि बरोबर पेढ्यांचा पुडा. “उन्हात खराब होतील,” म्हणाले.

शेजारच्या बाकावर नऊवारीतली एक मावशी होती. गगनबावड्याकडची. नवऱ्याचा पाय मोडलाय, पाच दिवस झाले, म्हणाली. मी पुडा पुढे केला. तिने हात आखडता घेतला.

“कशाचं पेढं?”

मला काही सुचेना. पेढे फुकट वाटत नाहीत, त्यामागे काहीतरी असावं लागतं. नातू, पास झालेला मुलगा, नवी गाडी. घर विकल्याचे पेढे असतात का?

“माहेरला आलेय,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “मंग खायाच पायजेत,” म्हणाली आणि दोन उचलले. एक खाल्ला, एक पदराला बांधला. “ह्येंच्यासाठी.” पुढच्या पंधरा मिनिटांत पुडा झाडाखालच्या सगळ्यांत फिरून रिकामा होऊन आला. एवढ्या झटपट आमच्या घरीही कधी संपला नव्हता. आई निम्मे दडवून ठेवायची.

संध्याकाळी अंबाबाईचं मुखदर्शन घेतलं. दिवसभरात फिरलेल्या जागांत फुकट शिरू देणारं हे एकच दार. रंकाळ्यावर दोन भेळी खाल्ल्या, पद्माराजे बागेच्या बाजूने चालत आलो. पाण्यावर उजेड होता, वाराही होता आणि बसायला जागा नव्हती. अख्खं कोल्हापूर तिथे हवा खायला आलेलं. शुक्रवार पेठेत जायचं का, असं ह्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. घर आहे तिथेच आहे, फक्त आत दुसऱ्यांची भांडी आहेत. त्यांची कामाची वेळ.

पण निघण्याआधी चटणी घेतली. आई असताना निघायच्या वेळी ओटी भरायची, कुंकू लावायची आणि चटणीचा डबा हातात द्यायची. डब्याचं झाकण चिंधीने बांधलेलं, वर तिच्या जुन्या लुगड्याचं फडकं. या वेळी डंकाच्या दुकानात तराजू लावला. एक किलो, प्लास्टिकची पिशवी, वर दुसरी पिशवी, गाठ. दुकानदारीणबाईंनी पैसे घेतले, सुटे परत दिले आणि विचारलं, “लांब जायाचंय? मग वैनी, पिशवी पायाशी ठेवा. वास येतोय लई.”

आला. किणी नाक्यापर्यंत गाडी चटणीने भरून गेली. काच खाली केली तर थंडी, वर केली तर डोळे चुरचुरायचे. बाहेर अंधारात उसाच्या ट्रॉल्यांचे लाल दिवे, पुढे पुढे सरकणारे. वारणा गेली, हे गप्प होते. कोयना आली तरी १०५ चा आकडा निघाला नाही. मला वाटलं, दमले असतील.

तासवड्याच्या टोल नाक्याजवळ त्यांना शिंक आली. मग दुसरी, तिसरी. चौतीस वर्षं कोल्हापूरहून परतताना चटणीने ह्यांना शिंका येतात आणि त्या सुरू होतात त्याही तासवड्यालाच. लुगड्याचं फडकं असो की प्लास्टिक, नाकाला फरक पडत नाही.

“आईंना सांग,” चौथी शिंक आवरत ते सवयीने म्हणाले, “झाकण घट्ट लावत जा म्हणावं.”

“सांगते,” मी म्हटलं.

पुढे उंब्रजला तारळी ओलांडली.